छोट्यांचा कप्पा: कुठली चित्रपुस्तकं ठेवायची आणि वाचायची कशी?

रश्मी: क्लबहाउसमधल्या कपाटाचा खालचा कप्पा चार वर्षांपर्यंतच्या मुलांच्या चित्रपुस्तकांसाठी ठेवायचं ठरलंय. निवडताना काय बघायचं, ते जाणकारांनी सांगा. आणि एक वाद आहे तो मिटवा: वाचून दाखवताना छापलेलं सगळं वाचायचं, की चित्र दाखवत आपल्या मनाने बोलायचं?

वैद्य काका: छापलंय तसंच वाचावं. लिहिणाऱ्याने शब्द न् शब्द तोलून घातलेला असतो. आपली भर कशाला?

अनघा: काका, तीन वर्षांच्या पुढे तुमचं बरोबर आहे. दीड वर्षाच्या मुलापुढे मजकूर वाचायला घेतला की दुसऱ्या ओळीपर्यंत पान उलटलेलं असतं. मोठ्यांना वाटतं, याला गोडी नाही. खरं तर त्या वयात पान उलटणं हीच मोठी गंमत असते. तेव्हा एका पानाला एक वाक्य पुरे, तेही मूल जिकडे बघतंय त्याबद्दलचं. गोष्ट मागे राहिली तर राहू दे.

सुलभाकाकू: रश्मी, "चार वर्षांपर्यंत" असा एकच गट धरू नकोस. यात तीन-चार वेगवेगळी वयं आहेत आणि प्रत्येकाचं पुस्तक निराळं.

अगदी तान्ह्या बाळाला 20 ते 30 सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात नीट दिसतं, आणि दिसतं तेही ठळक. पांढऱ्यावर काळं, जाड कडा, एका पानावर एकच आकृती. फिक्या गुलाबी-निळ्या रंगातली गोंडस चित्रं आईबाबांना आवडतात, बाळाला त्यांच्या कडा सापडत नाहीत. पुस्तक समोर स्थिर धरायचं आणि नजर तिथे येईपर्यंत थांबायचं. आपण सारखं हलवत राहिलो की नजर ठरत नाही.

सहाव्या महिन्याच्या आसपास पुस्तक तोंडात जातं. जाऊ दे. म्हणून तेव्हा जाड पुठ्ठ्याची पुस्तकं: गोल कोपरे, हाताच्या पंजाएवढा आकार, पाच ते आठ पुठ्ठे. पहिलं वर्ष संपता संपता मूल ते पुठ्ठे स्वतः उलटू लागतं, पण दोन-दोन एकदम. त्यावरून टोकू नये. कागदी पान एकेक करून नीट उलटायला बहुतेकांना अडीच-तीन वर्षं लागतात. तोवर कागदी पुस्तक मोठ्यांच्या हातात, पुठ्ठ्याचं मुलाच्या हातात.

पुठ्ठ्याच्या पुस्तकाचा कोपरा रोज बघावा. वरचा चकचकीत थर सुटायला लागला की मूल तो सोलतं आणि तोंडात घालतं. असं पुस्तक त्याच दिवशी कप्प्यातून बाहेर.

रश्मी: काकू, एक ते दोन या वयात चित्रं कशाची हवीत?

सुलभाकाकू: रोज हाताळायच्या वस्तूंची. बादली, चप्पल, चमचा, पलंग. शिवाय माणसांचे आणि बाळांचे चेहरे, शक्यतो फोटो. पान गच्च भरलेलं नको. बोट ठेवायला जागा हवी. खूप बारीकसारीक चित्रं असलेली गजबजलेली पानं तीनच्या पुढे धमाल आणतात. तेव्हा शोधाशोध करायला मुलं तासभर बसतात.

निखिल: माझं काम पुस्तकांच्या मांडणीचं, म्हणून त्या बाजूने सांगतो. दुकानात उभ्या उभ्या करता येईल अशी एक परीक्षा आहे. मजकूर हाताने झाका आणि फक्त चित्रं बघत शेवटपर्यंत जा. मग चित्रं न बघता नुसता मजकूर वाचा. दोन्हीतून अगदी तेच कळत असेल तर पुस्तक लंगडं आहे. मजकूर म्हणतो "ससा झाडामागे लपला" आणि चित्रातही ससा झाडामागे लपलेलाच, तर मुलाला शोधायला काय उरलं? मजकूर म्हणतो "ससा कुठेच दिसेना" आणि चित्रात झाडामागून दोन कान डोकावतायत. इथे मूल ओरडणारच, कारण गोष्टीतल्या माणसांना ठाऊक नाही ते त्याला ठाऊक आहे. अक्षरओळख नसलेल्या मुलाला मोठ्यांच्या पुढे जायची ही संधी फक्त चित्रपुस्तकात मिळते. वस्तूंच्या नावांची पुस्तकं अर्थात या परीक्षेतून वगळा, तिथे शब्द आणि चित्र एकच असायला हवं.

दुसरं, पान उलटण्याची जागा बघा. चांगल्या पुस्तकात उजव्या पानाच्या शेवटी काहीतरी अडकवून ठेवलेलं असतं: दार अर्धवट उघडं, शेपूट पानाच्या कडेबाहेर गेलेली, "आणि मग..." आणि उत्तर पान उलटल्यावर. तेच उत्तर समोरासमोरच्या दोन पानांवर छापलं की गंमत संपली, डोळा आधीच तिकडे जातो.

बरीच चित्रपुस्तकं 32 पानांची का असतात, असं विचारतात. मोठा कागद छापून घडी घातला की 8 किंवा 16 पानं होतात, म्हणून पानांची संख्या त्याच पटीत येते. शीर्षक वगैरे वजा जाता साधारण 12 ते 14 जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या, गोष्टीला उरतात. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला तेवढीही लांब वाटतात. त्यांच्यासाठी 16 किंवा 24 पानांची बघा.

वैद्य काका: बांधणीचंही सांग की.

निखिल: सांगतो काका. पुस्तक मधोमध उघडून टेबलावर ठेवायचं. सपाट राहिलं नाही तर कण्याला नुसता गोंद लावलाय. अशा पुस्तकात जोडपानभर पसरलेलं चित्र मधल्या घडीत गिळलं जातं, कधी कधी नेमका चेहराच. आणि मांडीवर घेऊन रोज दाबून उघडल्यावर पानं सुटतात. शिवलेलं पुस्तक सगळ्यात टिकाऊ. मधोमध पिना मारलेलं छान सपाट उघडतं, पण पिना गंजतात आणि मधलं जोडपान आधी निसटतं.

मजकुराचंही बघा. देवनागरीत बारीक टाइप गडद चित्रावर छापला की आधी अनुस्वार आणि मात्रा दिसेनाशा होतात. रात्री मंद दिव्यात "माडी" की "मांडी" हे मोठ्यांनाच कळत नाही आणि वाचणारा अडखळतो. एक पान मोठ्याने वाचून बघा. भाषांतरित पुस्तकात वाक्य जिभेवर अडलं तर तिसऱ्या वाचनालाही अडणार. आणि धप्प, बुडुक, सुळ्ळकन, टपटप असे आवाज मजकुरात असतील तर निम्मं काम झालं, मूल तेच आधी उचलतं.

रश्मी: आता वादाचं बोला. पूर्ण वाचायचं की नाही?

अनघा: वयाप्रमाणे आणि पुस्तकाप्रमाणे. दोन ते तीनच्या मुलांबाबत यावर नीट प्रयोग झालेला आहे. 1988 मध्ये मानसशास्त्रज्ञ व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही आईवडिलांना नुसतं वाचण्याऐवजी मुलाला बोलतं करत वाचायला शिकवलं. दुसरा गट नेहमीसारखाच वाचत राहिला. महिनाभरात पहिल्या गटातली मुलं बोलण्यात स्पष्ट पुढे गेली. वाचन दोन्हीकडे होतं, फरक बोलायची पाळी कोणाची यात होता.

करायचं कसं, एक पान घेऊन दाखवते. चित्रात टेबल आहे, खाली मांजर लपलंय, शेपूट बाहेर.

मूल: "माऊ."
आपण: "हो, माऊ! टेबलाखाली लपलीय माऊ."
मग थांबायचं. मनात पाच आकडे मोजायचे.
मूल: "माऊ खाली."
आपण: "खाली लपलीय. शेपूट कुठे आहे तिची?"

मुलाच्या शब्दाला दाद, त्यात दोन-तीन शब्दांची भर, आणि पुन्हा त्याची पाळी. भर थोडीच घालायची. "माऊ"च्या उत्तरादाखल चार वाक्यांचं मांजरपुराण सुरू केलं तर मूल त्यातलं काहीच परत म्हणू शकत नाही. सगळ्यात जास्त चुकतं ते थांबण्यात. मोठ्यांना दोन सेकंदांची शांतताही लांब वाटते आणि ते स्वतःच उत्तर देऊन टाकतात. मुलाला शब्द शोधायला त्याहून जास्त वेळ लागतो.

आणि प्रत्येक पानावर "हे काय? ते काय? रंग कुठला?" नको. तोंडी परीक्षा झाली की मूल मांडीवरून उतरतं. जोडपानाला एखादा प्रश्न पुष्कळ, तोही "आता काय होईल?", "हा असा का बघतोय?" अशा जातीचा.

वैद्य काका: मग बडबडगीतांचं काय? "काय होईल?" विचारत बसलात तर ताल मोडतो.

अनघा: तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. यमकाचं, ठेक्याचं पुस्तक एका दमात, आहे तसंच वाचायचं. चार-पाच वेळा वाचून झालं की ओळीचा शेवटचा शब्द गाळून थांबायचं, मूल तो भरतं. गोष्टीच्या पुस्तकातही पहिल्या वाचनाला फार अडवू नये, गोष्ट कुठे जाते ते कळू द्यावं. गप्पा दुसऱ्या-तिसऱ्या वेळी.

छापलेलं वाचण्याचा एक स्वतंत्र फायदाही आहे. 2015 च्या एका अभ्यासात 100 चित्रपुस्तकांमधला मजकूर आणि मोठी माणसं लहान मुलांशी एरवी बोलतात ते बोलणं ताडून बघितलं. तेवढ्याच शब्दसंख्येत पुस्तकांमध्ये वेगवेगळे शब्द जास्त निघाले. "डोकावला", "थरथरली", "ऐटीत" हे आपण जेवूखाऊ घालताना म्हणत नाही. म्हणून अवघड शब्द सोपा करून वाचू नका. तो शब्द म्हणा आणि चित्रावर बोट ठेवा.

मनीषा: एकच पुस्तक रोज मागितलं तर? नवं काढून द्यावं का?

अनघा: तेच वाचा. 2011 मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर प्रयोग झाला. एका गटाला नवे शब्द तीच ती गोष्ट पुन्हा ऐकवून, दुसऱ्याला तेच शब्द तितक्याच वेळा वेगवेगळ्या गोष्टींतून. पुन्हा पुन्हा तीच गोष्ट ऐकणाऱ्यांना शब्द जास्त लक्षात राहिले. गोष्ट ठाऊक असली की मुलाचं लक्ष बारकाव्यांकडे जायला मोकळं होतं.

वैद्य काका: मग तीन दिवसांत पुस्तक परत हा नियम छोट्यांच्या कप्प्याला लावू नका. दोन आठवडे द्या, कोणी मागितलं नसेल तर आणखी दोन.

रश्मी: मान्य. खिडक्या उघडायच्या, ओढायच्या, आवाज करणाऱ्या पुस्तकांचं काय? देणगीत तीच जास्त येतायत.

सुलभाकाकू: थोडीच ठेव. झाकणं, पट्ट्या असल्या की हात सगळा त्यातच गुंततो. 2010 च्या एका अभ्यासात लहान मुलं अशा उभ्या राहणाऱ्या, ओढायच्या पुस्तकांपेक्षा साध्या पुस्तकांतून प्राण्यांची नवी नावं जास्त शिकली होती. गंमत म्हणून ठीक, आणि ती सामायिक कप्प्यात आठवडाभरही टिकत नाहीत.

अनघा: आवाजाची पुस्तकं मी ठेवूच नये म्हणेन. आत चपट्या गोल बटणासारख्या बॅटऱ्या असतात. मुलाने गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. ठेवायचीच तर बॅटरीच्या झाकणाला स्क्रू हवाच, नुसत्या खटक्याचं झाकण असेल तर ते पुस्तक बाद. गिळल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता थेट रुग्णालय.

मनीषा: शनिवारी दहा-बारा मुलांना एकत्र वाचून दाखवायचं झालं तर?

सुलभाकाकू: पुस्तक खालून, मधल्या घडीत एका हाताने धरायचं, म्हणजे अंगठा चित्रावर येत नाही. खांद्याशेजारी, चित्र मुलांकडे, आणि वाचणाऱ्याने बुटक्या स्टुलावर बसायचं. जमिनीवर बसलं तर मागच्यांना दिसत नाही, खुर्चीवर बसलं तर पुढच्यांच्या माना दुखतात. खिडकी आपल्या पाठीशी नको, पान काळं दिसतं. आधी दोनदा वाचून ठेवायचं, कारण गटात मजकुरावर डोळे खिळवून चालत नाही. पान हळू उलटायचं आणि उलटल्यावर लगेच वाचायचं नाही, आधी चित्र बघू द्यायचं. हातभर आकाराचं पुस्तक नसेल तर सहा-सहाचे दोन गट बरे.

रश्मी: आणि मांडणी?

सुलभाकाकू: कणा बाहेर ठेवून रांगेत लावलीस तर मुलांना काहीच कळणार नाही. मुखपृष्ठ समोर हवं. एका वेळी बारा-पंधरा, बाकी वर. दर पंधरवड्याला निम्मी बदल.

वैद्य काका: दुरुस्ती माझ्याकडे. फक्त एक विनंती: कोणीही सेलोटेप लावू नका. तिचा चिकटपणा वर्षा-दोन वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो, पट्टी गळून पडते आणि डाग कायमचा राहतो. फाटलेलं पान बघाल तर फाट्याच्या दोन्ही कडांना पांढरे तंतू दिसतात, त्या कडा एकमेकींवर चढतात. तिथे बारीक ब्रशने अगदी पातळ पांढरा गोंद, कडा मूळ जागी बसवायच्या, वर-खाली बटर पेपर आणि रात्रभर वजन. सुटं पान असेल तर आतल्या कडेला 3 मिलिमीटरची गोंदाची रेघ. जास्त रुंद लावली तर शेजारचं पान ओढलं जाऊन फाटतं.

मनीषा: काका, भिजलं तर?

वैद्य काका: चकचकीत कागदाचं असेल तर लगेच, ओलं असतानाच, प्रत्येक पानामध्ये बटर पेपर घाला. तसंच वाळलं तर पानांवरचा लेप एकमेकांना चिकटून वीट होते, मग सोडवता येत नाही. पुठ्ठ्याचं असेल तर घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून पंख्याखाली पानं फाकवून उभं करा. उन्हात टाकू नका, पुठ्ठा वाकतो.

रश्मी: ठीक. आलेल्या देणगीतली आवाजाची पुस्तकं मी बाजूला काढते, स्क्रू असलेलीच परत येतील. कोपरे रोज कोण बघणार?

मनीषा: सोमवार ते बुधवार मी.

निखिल: पुढचे तीन दिवस माझे. रविवारी काका.