घाटात गाडी ओढतो कोण : टॉर्क, हॉर्सपॉवर की गिअर?

खंबाटकीचा प्रवासी (धागाकर्ता)

परवा येथे एका सदस्याने लिहिले की, स्विफ्टच्या १.३ डिझेलचा टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) १९० न्यूटन-मीटर आणि १.२ पेट्रोलचा जेमतेम ११३, त्यामुळे घाटात पेट्रोलने डिझेलच्या वाटेला जाऊ नये. हॉर्सपॉवर हा, त्यांच्या मते, माहितीपत्रकाची शोभा वाढवणारा आकडा आहे. हे विधान इतक्या ठामपणे वारंवार केले जाते की, सविस्तर उत्तर देणे मला भाग आहे.

टॉर्कला आरपीएमने (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी) गुणून ९५४९ ने भागले की किलोवॅट मिळतात, आणि हॉर्सपॉवर हे त्याच शक्तीचे दुसरे माप आहे. म्हणजे या दोन वेगळ्या शक्ती नाहीतच. गिअरबॉक्सचे काम पहारीसारखे आहे. लांब पहारीने धोंडा हलतो, पण हाताला तेवढेच अधिक अंतर जावे लागते. खालचा गिअर चाकावरचा जोर वाढवतो आणि त्याची किंमत इंजिनाच्या जादा फेऱ्यांनी वसूल करतो. म्हणूनच ठरावीक वेगाला चाकावर किती जोर पोहोचेल, हे इंजिन त्या क्षणी किती किलोवॅट देत आहे यावर ठरते. क्रँकवरच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या आधी इंजिनाच्या दांड्यावर मिळणाऱ्या, टॉर्कचा आकडा एकटा काहीच सांगत नाही.

पाच माणसे बसलेली सुमारे १३०० किलोची गाडी पंधरा मीटरला एक मीटर अशा चढावर ताशी ५० किलोमीटरने न्यायला, माझ्या हिशेबाने, २१ हॉर्सपॉवरच्या आसपास लागतात. डिझेलकडे ७५ आहेत आणि पेट्रोलकडे ८५. तरीही गाडी दम सोडते, कारण चालक चौथा गिअर सोडत नाही.

कुंभार्लीकर

आपला हिशेब वहीत बरोबर असेल, पण मी नऊ वर्षे दर पंधरवड्याला चिपळूणहून कराडला जात आहे. माझी डिझेल गाडी वाटेतल्या कुंभार्ली घाटाचा बहुतेक चढ तिसऱ्या गिअरमध्ये निमूटपणे चढते. मेहुण्यांच्या पेट्रोल गाडीत गेलो, तेव्हा एसी बंद करा, दुसरा टाका, तिसरा टाकला की पुन्हा दुसरा टाका, असा प्रकार चालला होता. इंजिनाच्या ओरडण्याने आणि हिसक्यांनी मागे बसलेल्या आईला मळमळू लागले आणि वाटेत दोनदा थांबावे लागले. आपले ८५ हॉर्सपॉवर ६००० आरपीएमला मिळतात. घरच्या माणसांना घेऊन ६००० वर गाडी कोण चालवतो?

खंबाटकीचा प्रवासी

कोणीच नाही, आणि तशी गरजही नाही. २००० आरपीएमवर आपले डिझेल सुमारे ५४ हॉर्सपॉवर देते. पेट्रोलने तेथेच आपला सर्वाधिक टॉर्क दिला असे धरले, तरी हाती ३२ च येतात. ५४ साठी त्याला साडेतीन हजारांच्या आसपास न्यावे लागते. आपण ज्याला टॉर्क म्हणता, ती कमी आरपीएमला मिळणारी हॉर्सपॉवर आहे. डिझेल आरामात चढते हे मला मान्य आहे. पेट्रोल चढू शकत नाही, हे मान्य नाही.

गॅरेजवाले काका

दोघांचेही म्हणणे वाचले. माझ्यापुढे मात्र गेल्या आठवड्यात उतरवलेली क्लच प्लेट आहे. तिचे अस्तर रिव्हेटपर्यंत घासले आहे आणि प्रेशर प्लेटवर निळे-काळे चट्टे पडले आहेत. या गृहस्थांनी ॲव्हरेज मिळावे म्हणून चढावर तिसरा सोडला नाही आणि गाडी अडू लागली की हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, रेटली. दुसरा टाकला असता, तर एवढा खर्च आलाच नसता. याच ॲव्हरेजच्या वेडापायी लोक उतारावर गाडी न्यूट्रल करतात, आणि ते मला याहून घातक वाटते.

काटकसरी

न्यूट्रलला सरसकट नावे ठेवू नका. मी महाबळेश्वरहून पोलादपूरला सात-आठ वेळा न्यूट्रलमध्ये उतरलो आहे. गिअरमध्ये इंजिन तीन हजारांवर फिरते, न्यूट्रलमध्ये आठशेवर. इंधन कशात कमी जळेल, हे लहान मूलही सांगेल. ब्रेक कशासाठी दिले आहेत?

गॅरेजवाले काका

हे वाचून मला खरोखर राग आला. आपल्या मागेपुढे इतरांची मुलेबाळे असतात. इंधन इंजेक्शनच्या गाडीत गिअर घालून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की, आरपीएम पुरेसे असेपर्यंत इंधन पूर्ण बंद होते, कारण चाकेच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जाळावेच लागते. आपण वाचवत काहीच नाही.

आता ब्रेकचे ऐका. महाबळेश्वर-पोलादपूर रस्त्यावरच्या त्याच आंबेनळी घाटात तरुणपणी मीही न्यूट्रलमध्ये उतरलो होतो. आधी जळका वास आला आणि तीन-चार वळणांनंतर पेडल थेट तळाला गेले, कारण ब्रेक ऑइल उकळून त्यात बुडबुडे झाले होते. हँडब्रेक ओढत आणि कसाबसा दुसरा घालत गाडी डोंगराच्या बाजूला घासून थांबवली. शेजारी बायको होती, सहा महिन्यांची गरोदर.

खंबाटकीचा प्रवासी

काकांच्या अनुभवाला एक आकडा जोडतो. १३०० किलोची गाडी हजार मीटर खाली आली की साडेतीन युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्यावर दीड हजार वॅटचा गिझर दोन तासांहून अधिक चालतो. न्यूट्रलमध्ये यातील बहुतेक उष्णता चार ब्रेकांच्या वाट्याला येते; गिअरमध्ये मोठा वाटा इंजिन उचलते.

काटकसरी

मला अजून एकही अपघात झालेला नाही, हे नमूद करतो. इंधन पूर्ण बंद होते हे ठाऊक नव्हते. गाडीतला चालू ॲव्हरेजचा आकडा गिअर घालून उतरताना एकदा पाहीन. तोवर न्यूट्रल करणार नाही, एवढेच म्हणतो.

कुंभार्लीकर

मूळ मुद्द्यावर येतो. माझ्या डिझेललाही हेअरपिन वळणावर आरपीएम तेराशेवर आले की टर्बोचा (इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पंख्याचा) जोर नसतो, आणि तेव्हा दुसरा टाकावाच लागतो, हे मी आधी लिहायला हवे होते. १९० हा आकडा तेथे कामी येत नाही. तरीही पुढची गाडी पेट्रोल घेईन असे नाही. निर्णय आईला मागच्या सीटवर बसवून घाटापलीकडच्या पाटणपर्यंत जाऊन आल्यावर घेईन, आणि त्या वेळी गाडी मेहुण्यांऐवजी मी चालवीन.