मदत हवी आहे: ६७००४१७ मूळ संख्या आहे, हे आठवीला कसं पटवू?

यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात गणित शिकवते. २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे ४२९४९६७२९७, ही फर्मा या गणितज्ञाला मूळ संख्या वाटली होती. १७३२ मध्ये ऑयलरने ६४१ × ६७००४१७ असे अवयव काढले. पोरांनी फळ्यावर गुणून पाहिलं, जुळलं. आता विचारतात, ६७००४१७ चे अजून तुकडे पडत नाहीत कशावरून?

६७००४१७ चं वर्गमूळ २५८८ च्या किंचित पुढे, म्हणजे तिथपर्यंतच्याच मूळ संख्यांनी भागून पाहायचं. १०० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी हातानं भागून झालं, भाग जात नाही. पुढच्या शेकडो आहेत. संगणकाचं उत्तर नको, कारण हवं. ४२९४९६७२९७ चा प्रत्येक मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असतो, हे मला माहीत आहे. मग तपासायला फक्त ११ मूळ संख्या उरतात, तेवढे पोरं आनंदानं करतील. पण ६४ च का, हे नुसत्या भागाकार-बाकीच्या भाषेत कसं सांगायचं?