'सॉर्ट'ला मराठीत काय म्हणायचं? क्रमवारी, वर्गवारी की अकारविल्हे?

मंडळी, डिप्लोमाच्या पोरांसाठी एसक्यूएलच्या (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) मराठी नोट्स लिहितेय आणि ऑर्डर बायपाशी, म्हणजे ओळी क्रमाने लावायच्या आज्ञेपाशी, येऊन अडकलेय. आधी 'वर्गवारी' लिहिलं, पण ग्रुप बायलाही (ओळींचे गट पाडणारी आज्ञा) तेच लिहून बसले होते, मग पोरं गोंधळणारच (हो, माझीच चूक). आता 'क्रमवारी' करू का?

---

क्रमवारी नको हो. क्रमवारी म्हटलं की क्रिकेटची आठवते, कोण पहिला कोण दहावा, प्रत्येकाला नंबर. ते रँक झालं, आणि रँक नावाचं फंक्शन एसक्यूएलमध्ये वेगळं आहे, हा शब्द त्याच्यासाठी राखून ठेवा. ऑर्डर बाय कुणाला नंबर देत नाही, नुसत्या ओळी पुढेमागे लावतं. 'क्रमाने लावणे' बास. आणि त्या 'बाय'ला आपल्याकडे 'वार' आहेच की, तारीखवार, आडनाववार. ऑफिसात आम्ही सरळ "तारीखवार लाव रे" म्हणतो, डिसेंडिंग हवं असेल तर "उलटं लाव".

---

'वार' आवडलं, पण 'तालुकावार बेरीज' पण म्हणतोच ना आपण? मग परत ग्रुप बाय!

---

तिथे 'निहाय' घ्या. तालुकानिहाय बेरीज, तारीखवार यादी. बोलताना दोन्ही एकमेकांच्या जागी येतात हे मान्य, पण नोट्स तुमच्या आहेत, तुम्ही ठरवाल तसं.

---

असेंडिंग-डिसेंडिंगला शाळेतला चढता-उतरता क्रम आहेच. आमचे आजोबा 'उतरती भाजणी' म्हणायचे, पण आजच्या पोरांना थालीपीठच आठवेल.

---

अकारविल्हे कुणीच धरून ठेवलं नाही? विल्हेवाटीतलाच विल्हे तो, म्हणजे जिथल्या तिथे लावणं. पण हा शब्द फक्त अक्षरांच्या क्रमासाठी, रकमा अकारविल्हे लागत नाहीत. हां, कुणी रक्कम टेक्स्ट कॉलमात ठेवली असेल तर लागतात, 100 आधी आणि 20 नंतर :)

आणि डेटाबेसचं अकारविल्हे आपलं असेलच असं नाही. कोलेशन म्हणजे अक्षरांचा क्रम ठरवणारा नियम, तो बायनरी असेल तर युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला दिलेल्या नंबरानेच लागतं, आणि तिथे ळ हा ल च्या लगेच नंतर आहे, आपल्यासारखा ह च्या पुढे नाही. म्हणून काळे येतात काशीकरांच्या आधी. क्ष तर तिथे स्वतंत्र अक्षरच नाही, क, हलन्त, ष असा तुकड्यांनी बसतो, त्यामुळे क्षीरसागर कौलगुडांच्या खाली आणि खऱ्यांच्या वर, आणि आपण तक्त्यातल्यासारखं यादीच्या तळाशी शोधत बसतो.

---

एक राहिलं. नलला (म्हणजे रकान्यात किंमतच नाही) 'रिकामं' लिहू नका, रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) वेगळी. नल नलच राहू द्या. चढत्या क्रमात पोस्टग्रेस हा डेटाबेस त्यांना शेवटी टाकतो, मायएसक्यूएल हा दुसरा सुरुवातीला. आणि ऑर्डर बायच लिहिलं नाही तर 'आले तसे' मिळतील असंही पोरांना सांगू नका, कसलाच भरवसा नसतो.

---

काळे-काशीकर आत्ताच आमच्या हजेरीच्या टेबलावर चालवून बघितलं, खरंच की! म्हणजे दर टर्मला रोल नंबरावरून जी भांडणं होतात ती यामुळे.