बिअर १.०२२ वर येऊन अडकलीय, बाटल्या भरू का नको? मदत हवी आहे

नमस्कार, मी मिशिगनमध्ये राहते, ऑक्टोबरपासून घरी बिअर करायला लागलेय आणि ही दुसरीच बॅच. (इथे स्वतःपुरती करायला कायद्याने परवानगी आहे, घरात दोन मोठी माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन, विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय चालत नाही, तिकडून वाचणाऱ्यांनी तेवढं लक्षात ठेवा.)

आधी पहिल्या बॅचचं सांगते म्हणजे मी एवढी का घाबरलेय ते कळेल. एअरलॉकची (गॅस बाहेर सोडणाऱ्या झडपेची) गुडगुड आठव्या दिवशी थांबली, मला वाटलं झालं, हायड्रोमीटर (बिअरमध्ये साखर किती उरलीय ते दाखवणारी तरंगती नळी, आकडा जितका जास्त तितकी साखर जास्त) घरात होता पण वापरलाच नाही, बाटलीत गॅस धरावा म्हणून थोडी साखर घालून बाटल्या भरल्या आणि कोटांच्या कपाटात खाली ठेवून दिल्या. अकराव्या दिवशी पहाटे सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज. कपाट उघडलं तर कोटांच्या बाह्यांवर फेस, सगळीकडे आंबूस वास, आणि आईच्या बुटात, आतमध्ये टाचेपाशी, बोटाच्या पेराएवढी काच. आई नुकतीच पुण्याहून आली होती आणि रोज सकाळी तेच बूट घालून फिरायला जायची. तिने त्या दिवशी पाय घातला असता तर या विचाराने अजून पोटात गोळा येतो. उरलेल्या बाटल्या गॅरेजमध्ये गार केल्या, गॉगल आणि जाड हातमोजे घालून एकेक उघडून ओतून दिल्या.

आता ही बॅच. काकवीसारखं घट्ट मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आलेल्या सातूचा अर्क), दीड-दीड किलोचे दोन डबे, तासभर उकळलं, कॅस्केड जातीचे हॉप्स (कडवटपणा आणि वासासाठीची फुलं) सुरुवातीला २८ ग्रॅम आणि शेवटच्या पाच मिनिटांत २८, मग बर्फाच्या पाण्यात गार करून एकूण १९ लिटर. सुरुवातीचं रीडिंग १.०५०. एलचं (उबेत आंबणाऱ्या बिअरचं) कोरडं यीस्ट वरून भुरभुरलं, दोन दिवस मस्त फेस आला. दहाव्या दिवशी १.०२२, तेराव्याला तेच, आज सोळाव्याला तेच. रेसिपीप्रमाणे १.०१२ पर्यंत उतरायला हवं. चव गोडसर आहे पण वास छान, ताज्या पावासारखा. बेसमेंटमध्ये १४ अंश आहे. आई म्हणते, इडलीचं पीठ थंडीत ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवतेस, मग याला का गारठवून ठेवलंयस? मला तिचं पटतंय, पण इतक्या दिवसांनी ऊब देऊन यीस्ट परत जागं होतं का, की नवीन पाकीट घालावं लागेल, आणि ढवळलं तर बिघडेल का? ओतून द्यायची अजिबात इच्छा नाहीये, पण घरात परत काच उडायला नको.

प्रतिसाद:
बाटल्या मुळीच भरू नका. साधारण हिशेब असा की एक पॉइंट (म्हणजे ०.००१) उतरला की बिअरच्या आकारमानाच्या निम्मा गॅस तयार होतो. तुमचे दहा पॉइंट बाकी आहेत, म्हणजे पाच पट गॅस, वरून साखरेचा वेगळा. साध्या बाटलीत अडीच पट ठेवतात. काकूंचं बरोबर आहे, एल यीस्टला १८ ते २० अंश मानवतात, १४ ला बरीचशी झोपतात आणि तळाशी बसतात. फर्मेंटर (आंबवायची बादली) वर आणा, झाकण न उघडता हलकेच गोल फिरवा म्हणजे गाळ उठेल. चमच्याने ढवळू नका, आता हवा मिसळली तर ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. आणि ग्लासभर बिअर वेगळी काढून त्यात चिमूटभर ताजं यीस्ट घालून उबदार जागी ठेवा, ती जिथे थांबेल तोच तुमचा शेवटचा आकडा. हायड्रोमीटर २० अंशाच्या साध्या पाण्यात बुडवून बघा, १.००० दाखवतो का ते.

धागाकर्ती:
पाण्यात १.००२ दाखवला! म्हणजे खरं रीडिंग १.०२० होतं. बादली स्वयंपाकघरात आणून आईच्या गोधडीत गुंडाळली, दुसऱ्या रात्री परत गुडगुड सुरू झाली आणि आज चौथ्या दिवशी दोन वजा करून १.०१५. ग्लासातली १.०१२ वर थांबलीय, म्हणजे अजून तीन बाकी. तोवर बाटल्या खोक्यातच. रविवारी आणि बुधवारी मोजून इथेच लिहिते.