सोसायटीच्या शिबिरात बोरिकचं स्लाइम: हवं की नको?

कोथरूडकरीण
आमच्या सोसायटीत दर मे महिन्यात मुलांचं शिबिर असतं, पालकच आळीपाळीने घेतात. यंदा एक सकाळ स्लाइमची, म्हणजे ताणत खेळायच्या लिबलिबीत गोळ्याची ठरली आणि सामानाची यादी ग्रुपवर आली: फेविकॉल, खाण्याचा सोडा, कॅरमची पावडर, खायचा रंग. खाली ठळक अक्षरात 'सर्व वस्तू घरगुती, पूर्ण सुरक्षित'. मुलं पाच ते अकरा वर्षांची.

माझा विरोध स्लाइमला नाही, त्या शेवटच्या ओळीला आहे. कॅरमची पावडर म्हणजे बरेचदा बोरिक अ‍ॅसिड. झुरळांसाठी कणकेत मळून सिंकखाली गोळ्या ठेवतो, तेच. घरात आहे म्हणून ते खेळणं होत नाही, घरात फिनेलही असतं. दहाच्या आतल्या मुलांना बोरिक किंवा त्याचाच क्षार बोरॅक्स नकोच, इसबगोल नाहीतर कॉर्नफ्लोअर वापरू, असं मी लिहिलं. त्यावर 'इतकं घाबरून मुलं कशी वाढवणार' असा सूर निघाला. मतं हवी आहेत. विरोधातलीही चालतील, पण कारणासकट.

नळस्टॉप
ताई, जरा जास्तच होतंय. आमच्या पिढीने कॅरमवर मुठीमुठीने बोरिक उधळलं आणि त्याच हातांनी वडापाव खाल्ला. कोणाला काय झालं?

दुसरं म्हणजे स्लाइमची सगळी गंमत त्या ताणण्यात आहे. बोटांतून लांब पडदा निघतो, नळीने फुंकलं की फुगा येतो. कॉर्नफ्लोअरच्या लगद्याला ते जन्मात जमणार नाही. मुलांनी व्हिडिओत खरं पाहिलेलं असतं. त्यांच्यापुढे पांढरं पीठ ठेवलंत तर दहा मिनिटांत उठून सायकली काढतील. पावडर मोठ्यांनी कालवावी, नंतर साबणाने हात धुवायला लावावेत. विषय संपला.

प्रयोगशाळेतली
केमिस्ट्री शिकवते, म्हणून हिशेबच मांडते.

आधी गोळा का होतो ते. पांढऱ्या गोंदात पीव्हीए नावाच्या पदार्थाचे लांबच लांब रेणू असतात, शिजवलेल्या शेवयांसारखे एकमेकांवरून घसरणारे. बोरिक-बोरॅक्समधून मिळणारं बोरेट त्यांना जागोजागी गाठी मारतं. या गाठी कच्च्या, सुटतात आणि पुन्हा बसतात. म्हणून हळू ओढलं तर स्लाइम लांबतं आणि हिसका दिला तर तटकन तुटतं. नुसत्या बोरिकने हे नीट जमत नाही, सोड्याने मिश्रण अल्कधर्मी झालं की बोरेट तयार होतं. यादीतला सोडा त्यासाठी आहे. त्याने पदार्थ सौम्य होतो हा गैरसमज.

आता बोरॅक्सची नेहमीची कृती घेऊ. पाव लिटर पाण्यात चमचाभर, म्हणजे साधारण 4 ग्रॅम बोरॅक्स. त्यातलं 30 मिली पाणी 100 ग्रॅम गोंदाला. म्हणजे गोळ्यात जेमतेम अर्धा ग्रॅम बोरॅक्स, आणि बोरॅक्समध्ये बोरॉन, म्हणजे बोरिक-बोरॅक्समधलं मूलद्रव्य, 11 टक्क्यांच्या आसपास, म्हणून बोरॉन 54 मिलिग्रॅम. 130 ग्रॅमच्या गोळ्यात इतकं, तर किलोमागे 400 मिलिग्रॅमच्या वर. युरोपात चिकट खेळण्यांतून बाहेर पडणाऱ्या बोरॉनची मर्यादा किलोमागे 300 ठेवली होती. सगळं बोरॉन बाहेर पडेलच असं नाही, पण पोटातल्या आम्लात या गाठी सुटतात, त्यामुळे फार मागेही राहणार नाही. आणि हे मोजून घातलं तर! 'जमत नाहीये, अजून एक चमचा टाक' हे वाक्य प्रत्येक स्लाइमच्या टेबलावर ऐकू येतं.

नळस्टॉप
किलोभर स्लाइम कोण खाणार आहे? युरोपचे नियम युरोपला.

प्रयोगशाळेतली
अहो, किलोमागे हे मोजायचं माप आहे, खायचं नाही! तुमच्या बाजूचंही सांगते: धड कातडीतून बोरॉन फारसं आत जात नाही, आणि तयार गोळ्यापेक्षा सुटी पावडर जास्त धोक्याची. पण मे महिन्यात सायकलवरून पडून तळवे सोललेली, नखं कुरतडणारी सहा वर्षांची मुलं कुठल्या सोसायटीत नाहीत? कॅनडाच्या आरोग्य खात्याने 2016 मध्येच सांगितलं की घरगुती स्लाइममध्ये आणि हस्तकलेत बोरिक अ‍ॅसिड वापरू नका. कारण असं दिलं होतं की अन्नापाण्यातून मुलांच्या पोटात थोडं बोरॉन जातंच, त्यात ही भर नको.

विकतचं आणू म्हणणाऱ्यांसाठी: ब्रिटनमधल्या 'व्हिच?' या ग्राहक संस्थेने 2018 मध्ये बाजारातली 11 स्लाइम तपासली, 8 मर्यादेबाहेर निघाली.

सहकारनगरचे आजोबा
टाकणखाराला एवढं बदनाम करू नका. बोरॅक्स म्हणजे तोच ना? आमच्याकडे तान्ह्या बाळाला कफ झाला की टाकणखाराची लाही मधात चाटवायचे. चार पिढ्या वाढल्या त्यावर.

प्रयोगशाळेतली
आजोबा, रागावू नका, पण नेमकं हेच उदाहरण नोंदलेलं आहे. 1983 साली एका ब्रिटिश बालरोग नियतकालिकात सात तान्ह्या बाळांची माहिती आली होती. त्यांच्या चोखणीला बोरॅक्स आणि मधाचं तयार मिश्रण लावत, त्यातून त्यांना झटके येऊ लागले. मिश्रण बंद केलं, झटके थांबले. मधसुद्धा वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नये असं आता डॉक्टर सांगतातच. वाढलेल्या चार पिढ्या दिसतात, झटके कशाने आले ते त्या काळी कोण शोधत होतं?

सदाशिवपेठी
दोन्ही पक्ष चूक. बोरिक विष, ठीक. म्हणून पोरांपुढे खायच्या वस्तू कालवायच्या? किलोकिलोने कॉर्नफ्लोअर बादलीत ओतायचं आणि तासाभराने मोरीत. आमच्या घरी सांडलेले तांदूळ वेचून घ्यायची शिस्त होती. शिवाय ते पीठ पाइपात बसलं की प्लंबरचे पैसे कोण देणार, शिबिरवाले की सोसायटी? शाडूची माती आणा. गणपतीला उपयोगी पडेल, हात धुतले की निघते, आणि यूट्यूब बघावं लागत नाही.

वहीपेन्सिल
बालवाडीत शिकवते. शाडूला हजार गुण, पण शाडू ताणता येत नाही, आणि मुलांना हवंय ते ताणणंच.

अन्नाच्या मुद्द्यावर मात्र माझं पटत नाही. आकाशकंदिलाला आणि पतंगाला आपण कणकेची नाहीतर मैद्याची खळच लावायचो ना? पोळ्या लाटताना पोराच्या हातात कणकेचा गोळा कोणी दिला नाही? आणि इसबगोलाला बादली लागत नाही. कपभर पाण्याला लहान चमचाभर भुसा. मंद आचेवर ढवळत राहायचं. आधी नुसतं गढूळ पाणी, मग पेज, मग एकदम सगळं मिळून पळीभोवती गोळा होऊन येतं. कडा भांड्यापासून सुटायला लागल्या की उतरवायचं आणि पूर्ण गार होऊ द्यायचं. घाई केली तर चटका बसतो, हा गोळा आतून बराच वेळ गरम राहतो. आच मोठ्यांचीच. कोरडा भुसाही मुलांच्या हाती देऊ नका, तोंडात टाकला तर घशात फुगतो.

फुगा येणार नाही, नळस्टॉप यांचं बरोबर आहे. पण लोंबतं, थुलथुलतं, हातावरून घरंगळतं. माझ्या वर्गाला तेवढं पुरतं.

अवांतर: मॅटेल कंपनीने 1976 मध्ये हिरवं स्लाइम खेळणं म्हणून विकायला काढलं, तेव्हा त्यात फेविकॉलसारखा गोंद नव्हताच, गवारीच्या बियांचा डिंक होता. (गाठी मारायला बोरॅक्स तेव्हाही होतं, तेही सांगते, नाहीतर कोणीतरी पकडेल.) गवारीची भाजी पानात टाकून देणाऱ्या कार्ट्यांना हे जरूर सांगा.

नळस्टॉप
गवारीचं भारी आहे. पण मूळ मुद्दा राहिला. रेणू, गाठी हे सगळं शिकवायचं तर फेविकॉलवालंच हवं. इसबगोल घोटून काय शिकणार, स्वयंपाक?

प्रयोगशाळेतली
कॉर्नफ्लोअर त्याहून जास्त शिकवतं, माझं हे मत वर्गात पारखलेलं आहे. दोन वाट्या पीठ, वाटीभर पाणी. बोट हळू बुडवलं तर आत जातं, बुक्की मारली तर हात वरच थांबतो. दाबाने कण एकमेकांत अडकतात म्हणून. फेविकॉलच्या गोळ्याशी मुलं नुसती खेळतात, इथे आपणहून विचारतात 'असं का?'. पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं काड्यापेट्या आणि सायकलच्या ट्यूबांतून विज्ञान दाखवलं. बोरिकचा डबा उघडल्याशिवाय रसायनशास्त्र सुरू होत नाही असं थोडंच आहे!

दहा-अकराच्या मुलांना फेविकॉलचं दाखवायला माझी हरकत नाही. द्राव मोठ्यांनी मोजून आधीच बनवून आणायचा, डबा घरी ठेवायचा, जखम असेल त्याने बघायचं फक्त. आणि व्हिडिओतल्या 'डिटर्जंट घाला' वर जाऊ नका. ज्या डिटर्जंटमध्ये बोरेट नाही त्याने गोळा जमत नाही, आणि मग लोक वैतागून वाट्टेल ते ओततात.

कोथरूडकरीण
वयाप्रमाणे दोन टेबलं, हे मी ग्रुपवर टाकते. लहानांना इसबगोल आणि कॉर्नफ्लोअर, मोठ्यांना फेविकॉल, पण कालवायला मी किंवा तुमच्यासारखं कोणी. 'पूर्ण सुरक्षित' मात्र काढायला लावणार, त्यावर तडजोड नाही.

सदाशिवपेठी काका, मोरीचं पटलं. कॉर्नफ्लोअर ताटात पसरून उन्हात वाळवू, मेमध्ये दुपारपर्यंत खडखडीत होतं, मग झाडून ओल्या कचऱ्यात. फेविकॉलचं सुक्या कचऱ्यात. सतरंजीला चिकटलं तर व्हिनेगर, त्याने गोळा सैल पडतो.

सदाशिवपेठी
सतरंजी सोसायटीच्या हॉलची की तुमच्या घरची, ते आधी ग्रुपवर लिहा.

नळस्टॉप
मोठ्यांच्या टेबलावर मी उभा राहतो. फुगा निघाला पाहिजे, एवढी एकच अट.