मदत हवी आहे: गिटारच्या फ्रेटबोर्डला कोणतं तेल? उन्हाळ्यात फ्रेटची टोकं हाताला लागतायत

नमस्कार मंडळी,

मी परभणीत असते. शाळेत शिकवते आणि संध्याकाळी गल्लीतल्या लेकरांना गिटारचे सुरुवातीचे कॉर्ड्स दाखवते. गिटार एकच, अकूस्टिक, सेकंडहँड घेतलेली. तीच सगळ्यांच्या हातात फिरते. कुणी खेळून घामाघूम होऊन येतं, कुणाच्या बोटाला कुरकुऱ्यांचा मसाला असतो. हात धुवायला लावते, तरी काय व्हायचं ते होतंच.

सध्याची अवस्था सांगते. फ्रेटबोर्डवर, म्हणजे तारांखालच्या लाकडी पट्टीवर, पहिल्या तीन-चार फ्रेटच्या (आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या) कडेला काळपट मळाचा थर बसलाय, नखाने खरवडला की वळी होऊन निघतो. फ्रेटच्या पट्ट्यांच्या बुडाशी हिरवट कळंक आहे. मधलं लाकूड गडद तपकिरी होतं, ते आता भुरकं, कोरडं दिसतंय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे फ्रेटची टोकं नेकच्या, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याच्या, कडेबाहेर आलीत. हात खालून वर सरकवला की करवतीसारखं लागतं. परवा एका मुलीच्या तर्जनीच्या बुडाशी ओरखडा उठला. ती काही बोलली नाही, पण नंतर सगळा तास हात सरकवायलाच घाबरत होती. म्हणून हा धागा.

घर पत्र्याचं आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी खोली भट्टी होते, मग कूलर लावतो. गिटार भिंतीला टांगलेली असते.

सल्ले भरपूर मिळालेत. ओळखीचे सुतारकाका म्हणतात, "शिसवी दिसतंय, जवसाचं तेल पाजा. जुन्या दारांना आम्ही तेच पाजतो." आई म्हणते खोबरेल लाव. वाद्यांच्या दुकानदाराने लेमन ऑइलची बाटली दाखवली. एका पालकांचं म्हणणं, लिंबाची फोडच चोळा की, तेच ना ते. काहीतरी करायच्या आधी जाणकारांना विचारावं म्हटलं.

तेल कोणतं आणि किती? कळंक कशाने काढायचा? नेकच्या मागच्या बाजूलाही तेल लावायचं का? आणि तेल लावल्यावर फ्रेटची टोकं आत जातील का? कारण मला खरी काळजी त्या मुलीचीच आहे.

प्रतिसाद (छत्रपती संभाजीनगर)

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. तेलाने टोकं आत जाणार नाहीत. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, आणि आकसतं ते रुंदीत. लांबीत फारसा फरक पडत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात फ्रेटबोर्ड रुंदीला बारीक होतो, धातूची पट्टी मात्र आहे तेवढीच राहते, म्हणून टोकं बाहेर दिसतात. तेल वरच्या थरात मुरतं, लाकूड तजेलदार दिसतं, ओलावा जरा सावकाश ये-जा करतो. पण गेलेलं पाणी तेल भरून काढत नाही.

त्यामुळे आधी गिटार भिंतीवरून उतरवा. पत्र्याखालची भिंत आणि कूलरचा झोत, दोन्ही वाईट. दुपारी ओलसर वारा, रात्री कूलर बंद झाला की पुन्हा कोरडं, या हेलकाव्याने लाकूड जास्त थकतं. केसमध्ये किंवा निदान जाड बॅगेत ठेवा. झाकणाला भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या साबणाच्या डबीत स्पंजचा तुकडा ठेवायचा, तो भिजवून घट्ट पिळायचा, थेंब गळता कामा नये, आणि डबी हेडस्टॉकजवळ (तारा पिळायच्या खुंट्या असतात त्या टोकाजवळ) ठेवायची. पाणी इन्व्हर्टरसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वापरा, बोअरचं क्षारांचं नको. एक छोटा आर्द्रतामापक आत टाका, 45 ते 55 टक्के असावं. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या असतील तर त्या पावसाळ्यापर्यंत बाहेर काढा.

टोकं कानशीने घासून देतो म्हणणारे भेटतील. मे महिन्यात घासू देऊ नका. पावसाळ्यात लाकूड परत फुगलं की पट्ट्या कडेपासून आत, आखूड पडतात. ओलावा पूर्ववत झाल्यावरही टोचत असेल तर जाणत्या कारागिराकडून करून घ्या. तोवर लेकरांना ओरखडे येऊ नयेत म्हणून त्या कडेला कागदी मास्किंग टेप लावली तरी चालेल.

आता तेल. लिंबाचा रस अजिबात नाही, ते आम्ल आहे. बाजारातलं "लेमन ऑइल" बहुतेक वेळा लिंबाच्या वासाचं मिनरल ऑइल असतं. तेच बिनवासाचं हवं असेल तर मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मागा. बाटली नीट वाचा: मिल्क ऑफ मॅग्नेशिया मिसळलेलं पांढरं औषधही मिळतं, ते नको. साधं, पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं घ्या. खोबरेल कालांतराने खवट होतं आणि आमच्याकडच्या थंडीत थिजतं.

सुतारकाका दारांबद्दल बरोबर आहेत. जवसाचं तेल हवेने सुकून त्याचा पापुद्रा होतो, दाराला तेच हवं असतं. फ्रेटबोर्डवर तो थर दर वेळी वाढत जातो, चिकट होतो आणि त्यात मळ अडकतो. करडईचंही तेच. शिवाय जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकले तर आपोआप पेट घेऊ शकतात, हे सुतारकाकांनाही सांगा.

प्रतिसाद (नांदेड)

वरच्या दादांना पूर्ण अनुमोदन. फक्त तेलाच्या आधी मळ काढा, नाहीतर मळच तेलात मुरवाल. तारा हळूहळू सैल करून सगळ्या काढा. साउंडहोलवर (बॉडीच्या गोल भोकावर) कापड टाका. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने फ्रेटच्या बुडाचा थर लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलकेच खरवडा, मग मऊ टूथब्रश, मग किंचित ओलं फडकं आणि लगेच कोरडं. कळंकासाठी ०००० लिहिलेली स्टील वूल मिळते, तिने हलक्या हाताने. भांड्याची तारेची घासणी नको, चरे पडतात. इलेक्ट्रिक गिटारवाल्यांनी आधी पिकअप (तारांखालचे आवाज पकडणारे चुंबक) टेपने झाकावेत, लोखंडाचा चुरा चुंबकाला चिकटून बसतो.

एक महत्त्वाचं: बोर्ड खरंच शिसवीचा आहे का ते बघा. आपली शिसव म्हणजेच जगभर इंडियन रोझवूड म्हणून गिटारींना लागते ती. पण स्वस्त गिटारींमध्ये फिकट लाकूड रंगवून गडद करतात. ओल्या कापसाने एका कोपऱ्यात पुसा. मळ गेल्यावरही कापूस काळा-तपकिरी होत राहिला तर तो रंग आहे.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. गिटार लगेच उतरवली, आता बॅगेत आहे, साबणाची डबी पण ठेवली. आर्द्रतामापक मागवलाय.

कापसाची परीक्षा केली. एक कोपरा आधी नीट स्वच्छ केला, तरी कापूस काळा होतच राहिला. पाण्याचा थेंब ठेवला तर त्याखालचं लाकूड लगेच गडद झालं. म्हणजे रंगवलेलं आहे आणि वर लॅकरचा चकचकीत थरही नाही, बरोबर ना? मग स्टील वूल वापरू का? आणि नेकच्या मागचा भाग राहिलाच, तो चकचकीत आहे पण घामाने चिकट लागतो.

प्रतिसाद (अंबाजोगाई)

मध्येच विचारतो, माझ्या भाच्याच्या इलेक्ट्रिकला मेपलचा पिवळसर फ्रेटबोर्ड आहे. त्याला पण पॅराफिन चालेल का?

प्रतिसाद (छत्रपती संभाजीनगर)

अंबाजोगाई: मेपलवर बहुधा लॅकर असतं, तेल आत जाणारच नाही, वर चिकटून बसेल. किंचित ओलं फडकं, मग कोरडं. स्टील वूल नको, चमक जाईल.

ताई, हो, रंगवलेला आहे. त्याने वाजण्यात काही बिघडत नाही, फक्त जपावं लागतं. स्टील वूल आणि सफाईला काही जण वापरतात ते नाफ्था (लायटरमध्ये भरायचं द्रव इंधन) दोन्ही टाळा, रंग निघून ठिपके पडतील. कळंक फक्त पट्टीवरून काढायचा: दोन्ही बाजूंच्या लाकडावर मास्किंग टेप लावून मधली पट्टी मऊ फडक्याने आणि थोड्या मेटल पॉलिशने पुसा. टेप रात्रभर ठेवू नका, गोंद चिकटून राहतो.

पॅराफिनचे दोन-तीन थेंब फडक्यावर घ्या, थेट लाकडावर ओतायचे नाहीत. सगळ्या बोर्डवर पातळ फिरवा, दहा मिनिटांनी जेवढं निघेल तेवढं पुसून काढा. या पुसण्यात थोडा रंग येईल, घाबरू नका. वर्षातून एकदा-दोनदा पुरे. फार तेल पाजलं तर पट्ट्यांच्या खाचांत उतरतं.

नेकच्या मागे लॅकर आहे, तिथे तेल नको. पाण्यात जरासा भांड्यांचा लिक्विड साबण, फडकं घट्ट पिळून पुसा, मग साध्या ओल्या फडक्याने, मग कोरड्या. स्पिरिट किंवा थिनर लावू नका, लॅकर मऊ पडू शकतं. तारा चढवताना बॉडीजवळच्या शेवटच्या फ्रेटपर्यंत सगळं पुसून झालंय ना बघा, आणि आर्द्रतामापकाचा आकडा इथे टाका, मग डबी एक पुरेल की दोन लागतील ते ठरवू.