अंपायर्स कॉल राहू द्या, पण कॉमेंट्रीत तो नीट समजावून तरी सांगा

दादरकर:
रिव्ह्यू, म्हणजे पंचाचा निर्णय चित्रणावरून पुन्हा तपासणं, हवा, अंपायर्स कॉलही हवा. सुधारायला हवी ती कॉमेंट्री. पायचीतचं, म्हणजे पॅड आड आलं नसतं तर चेंडू स्टंपवर गेला असता असं, अपील झालं की पडद्यावर चेंडूची रेषा येते आणि आपण ती घडलेली गोष्ट असल्यासारखी बघतो. खरं तर पॅडला लागेपर्यंतचाच चेंडू कॅमेऱ्यांनी टिपलेला असतो, पुढचा मार्ग हिशेबाने काढलेला अंदाज असतो. टप्पा पडल्यावर चेंडू जेमतेम वीतभर जाऊन पॅडवर आदळला, तर त्या अंदाजाला आधारही कमी मिळतो. म्हणून चेंडूचा अर्ध्याहून कमी भाग स्टंपला लागताना दिसला तर मैदानावरच्या पंचाचा निर्णय कायम राहतो, हाच अंपायर्स कॉल. हे अर्ध्या मिनिटात सांगून होतं. पण त्या वेळी ऐकू काय येतं? 'थोडक्यात वाचला', 'नशीब जोरावर आहे'. माईकसमोर कसोटी खेळलेली माणसं बसलेली असतात. त्यांनी एवढं सांगावं ही अपेक्षा जास्त आहे का?

लेगस्टंप:
कितीही समजावून सांगितलं तरी अन्याय तो अन्यायच. तोच चेंडू, स्टंपची तीच जागा. पंचाने बोट वर केलं तर आऊट, नाही केलं तर नॉट आऊट. सचिनने 2020 मध्ये वेस्ट इंडीजच्या ब्रायन लाराशी बोलताना हाच मुद्दा मांडला होता: चेंडू स्टंपला लागतोय ना, मग किती टक्के लागतोय हे कशाला बघायचं? 2021 मध्ये कोहलीही याच नियमाविरुद्ध बोलला. पार्कात चेंडू घासून बेल पडली तर 'अर्धा लागला का' असं कुणी विचारत नाही.

पांढरा कोट:
लेगस्टंप, बोल्डमध्ये बेल पडलेली डोळ्यांना दिसते. पायचीतमध्ये जे घडलंच नाही त्यावर निर्णय द्यायचा असतो. मी आझाद मैदान आणि क्रॉस मैदानावर क्लबच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो. कांगा लीग ऐन पावसाळ्यात. ओल्या विकेटवर एक चेंडू थांबून येतो, दुसरा सरपटत जातो. तिथे फलंदाज पुढचा पाय लांब टाकून खेळला की चेंडू अजून किती जाणार होता हे छातीठोकपणे कोण सांगणार? शंका असेल तर फायदा फलंदाजाला, हे आम्ही पहिल्या दिवसापासून शिकतो. तुमचा नियम आला तर फिरत्या खेळपट्टीवर पुढे येऊन बचाव करणं संपेल आणि कसोट्या तीन दिवसांत आटोपतील. आयसीसीच्या अनिल कुंबळेंच्या समितीने 2021 मध्ये अंपायर्स कॉल ठेवला, पण उंचीची हद्द स्टंपच्या वरच्या टोकापर्यंत वाढवली. गोलंदाजाला तेवढं झुकतं माप मिळालंच आहे.
आणखी एक. पिलू रिपोर्टर आपल्या मुंबईचे. 1986 मध्ये लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडीज कसोटीत ते आणि रामस्वामी तटस्थ पंच म्हणून उभे राहिले, तेव्हा दोन्ही संघांचा विश्वास हेच त्यांचं बळ होतं. पंच हा माणूस आहे, यंत्राचा शिपाई नव्हे.

मुलुंडची:
कोट दादा, पंचांबद्दल आदर आहेच. पण 2008 ची सिडनी कसोटी मी विसरू शकत नाही. ऑस्ट्रेलियाचा सायमंड्स 30 वर असताना बॅटची कड लागून झेल गेला, आवाज घरात टीव्हीवर आला, पंचांनी नाबाद दिलं आणि तो 162 वर नाबाद राहिला. उलट 2011 च्या वर्ल्ड कपची मोहालीची सेमीफायनल घ्या. सचिन 23 वर पायचीत दिला गेला, रिव्ह्यूत चेंडू लेग स्टंप सोडून जाताना दिसला, पुढे त्याने 85 केल्या. आणि आपल्या बोर्डाने हीच पद्धत 2016 पर्यंत मालिकांमध्ये अडवून धरली! त्या वर्षांत आपल्याच खेळाडूंचं किती नुकसान झालं असेल.

गिरगाव 4:
नुसती पद्धत आणून भागत नाही, कॅमेरेही पुरेसे हवेत. 2024 ची पर्थ कसोटी. राहुलची बॅट पॅडला लागली की चेंडूला, हे ठरवायला चित्रण बघून निर्णय देणाऱ्या तिसऱ्या पंचाला समोरून चित्रण हवं होतं. ते मिळालं नाही, तरी मैदानावरचा नाबादचा निर्णय फिरवला. पुढच्याच महिन्यात मेलबर्नला जयस्वाल 84 वर. चेंडू लागल्याचा आवाज दाखवणाऱ्या आलेखात काहीच नाही, तरी चेंडूची दिशा बदललेली दिसते म्हणून बाद. त्यावर गावसकर आणि पाँटिंग यांची मतं अगदी उलट पडली. दादरकर, कसोटी खेळलेली माणसं समजावून सांगायला बसली तर असं होतं.

दादरकर:
तेच तर हवंय! गावसकरांनी यंत्राचा पुरावा मानायचा की डोळ्यांचा, हा प्रश्न उघडपणे विचारला. त्या दिवशी घरी आम्ही नियमावर वाद घातला, नशिबावर नाही. माझा राग गुळगुळीत कॉमेंट्रीवर आहे. 2020 मध्ये कॉमेंटेटर संजय मांजरेकरांना बोर्डाच्या कॉमेंट्री पॅनेलमधून वगळलं गेलं. कॉमेंटेटरची नेमणूकच बोर्डाच्या हातात असेल, तर बोर्डाच्या सामन्यातल्या चुकीवर तो मोकळेपणी कसा बोलेल?

मुलुंडची:
सगळ्यांना एका मापाने मोजू नका. 2023 मध्ये आयपीएल मोबाइलवर मराठीत ऐकायला मिळालं, केदार जाधव, धवल कुलकर्णी बोलायचे. माझ्या आईला रिव्ह्यूची भानगड तिथेच पहिल्यांदा कळली. बाबा म्हणाले, रेडिओवर बाळ ज. पंडित असंच चित्र उभं करायचे. वानखेडेवर मात्र तिकीट काढून बसलेल्या आम्हाला तिसऱ्या पंचाचं बोलणं ऐकू येत नाही. मोठ्या पडद्यावर रेषा बघायची आणि शेजाऱ्याला विचारायचं. तो आवाज मैदानात लावा, निम्मी ओरड थांबेल.

लेगस्टंप:
आवाज लावा, याला माझाही पाठिंबा. पण यंत्राच्या अंदाजावर इतका अविश्वास असेल, तर मग चेंडूचा अर्ध्याहून जास्त भाग लागतोय म्हणून पंचाचा नाबाद निर्णय फिरवता तरी कशाला?

पांढरा कोट:
कारण चूक होऊ शकते ती चेंडूच्या कडेशी. चेंडूचा मधला भाग स्टंपवर असेल तर थोडी चूक धरूनही तो लागणारच. माझी मागणी एवढीच: पडद्यावर बारीक रेषेऐवजी चुकीची शक्यता धरून रुंद पट्टा दाखवा. म्हणजे निर्णय का फिरला नाही, हे प्रेक्षकालाही दिसेल.

लेगस्टंप:
पट्टा जरूर दाखवा. पण तो अख्खा पट्टा स्टंपच्या आत आला तर पंच काहीही म्हणो, आऊट द्या. आणि अर्धाच आत आला तर? तिथे तुमचं-माझं अजूनही जुळत नाही.